सूर्याची वीज : तिचे मोल आणि तिची वाटणी

(सभेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या वार्षिक संमेलनात वसतिगृह, शिष्यवृत्त्या, वधूवरपरिचय आणि गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार हे विषय परंपरेने येतात, व ते आलेच पाहिजेत. आज त्यांच्या जोडीला एक निराळा विषय आपल्यापुढे ठेवण्याची अनुज्ञा मी चिटणीसांजवळ मागितली. तो विषय म्हणजे सूर्यापासून होणारी वीज. तिचे मोल कसे ठरते, आणि तिची वाटणी कोणत्या न्यायाने होते. हा इंजिनिअरांचा विषय, आपणांस त्याचे काय, अशी शंका कोणाच्या मनात येईल. परंतु आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांची भाकरी आजही शेतावर आहे. ज्यांचे मुलगे पुण्या-मुंबईस नोकरीला आहेत, त्यांचेही सातबारे याच जिल्ह्यात आहेत. त्या सातबाऱ्यावर पंचवीस-तीस वर्षांचा भाडेपट्टा चढू द्यावा की नाही, हा प्रश्न आज गावोगावी उभा आहे. ज्याला हिशेब कळत नाही त्याचा हिशेब दुसरा कोणी करतो, हे आपण सावकारीच्या काळात पुरते अनुभवले आहे. म्हणून हा हिशेब आपणच समजून घ्यावा, एवढाच आजचा हेतू.

ही गोष्ट आपल्या दारापर्यंत आली आहे. दिनांक ५ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रधानमंत्री आपल्या वाशीम जिल्ह्यात आले होते. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले, आणि त्याच दौऱ्यात ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ हिच्याखाली महाराष्ट्रात उभ्या राहिलेल्या, एकूण १९ मेगावॅट क्षमतेच्या पाच सौर प्रकल्पांचे लोकार्पण झाले. पुढे २०२५ साली समृद्धी महामार्गालगत कारंजा लाड येथे ३ मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला. अशा आकड्यांना आपण टाळ्या देतो. पण मेगावॅट म्हणजे काय, आणि त्यातील माझ्या वाट्यास काय, हे सहसा कोणी विचारीत नाही.

तर प्रथम क्षमता आणि वीज यांतील भेद पाहू. आपल्या विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटर आहे, ही झाली क्षमता. त्या मोटरीने दिवसभरात किती पाणी उपसले, हे झाले काम. मोटर कितीही मोठी असो, विहिरीत पाणी नसेल तर ती शोभेची वस्तू होय. विजेतही तसेच. मेगावॅट ही क्षमता, युनिट हे काम. एक मेगावॅटचा प्रकल्प वर्षातील सर्व ८,७६० तास पूर्ण जोमाने चालला असता तर ८७ लाखांवर युनिटे झाली असती. परंतु रात्र आहे, ढग आहेत, श्रावण-भाद्रपद आहेत. आपल्या भागात वर्षाकाठी सुमारे १६ लाख युनिटे पदरात पडतात; म्हणजे नावाच्या क्षमतेच्या एक पंचमांशाहूनही कमी.

याचे दुसरे उदाहरण कोयनेचे. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे; पण पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. सबब ती यंत्रे रात्रंदिवस चालविता येत नाहीत. मागणी शिगेला पोचते त्या वेळी ती चालवावयाची आणि एरवी पाणी राखावयाचे, असा तेथील शिरस्ता आहे. कोयनेच्या विजेचे मोल तिच्या युनिटांच्या संख्येपेक्षा ती हवी तेव्हा उपलब्ध होते यात अधिक आहे. सूर्याची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तो त्याच्या वेळेस येतो, आपल्या वेळेस नाही. म्हणून सौर विजेची किंमत विचारताना ‘युनिट कितीला?’ एवढे विचारून भागत नाही; ‘कोणत्या वेळचे युनिट?’ हेही विचारावे लागते.

आता भाव कसा ठरतो ते पाहू. २०१० साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले, तेव्हा केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने सौर विजेचा दर युनिटमागे १७ रुपये ९१ पैसे ठरविला होता. हा दर खर्चाच्या अंदाजावरून बसविलेला होता. पुढे सरकारने उलट लिलावाची पद्धत अवलंबिली. आपल्या बाजार समितीत हर्रास होतो तेव्हा व्यापारी बोली चढवीत नेतात. येथे विकणारे बोली उतरवीत नेतात आणि जो सर्वांत कमी दरात वीज देईन म्हणेल त्यास क्षमता मिळते. त्याच वर्षाच्या अखेरीस पहिल्या लिलावात सर्वांत कमी बोली १० रुपये ९५ पैशांची आली. २०१७ च्या मे महिन्यात राजस्थानातील भडला येथे ती २ रुपये ४४ पैशांवर उतरली. सात वर्षांत भाव सातव्या हिश्श्यावर आला. तावदाने स्वस्त झाली हे एक कारण. आणि अंदाजाने दर देण्याऐवजी स्पर्धेने तो शोधला गेला, हे दुसरे. आपल्या राज्यातील सौर कृषी वाहिनीच्या प्रकल्पांना मिळालेला दर सुमारे तीन रुपयांचा आहे, आणि तो पंचवीस वर्षे तसाच राहावयाचा आहे.

पण लिलाव भाव शोधतो, न्याय शोधीत नाही. पडेल भावाने बोली लावून नंतर प्रकल्प उभाच न करणे, असेही देशात घडले आहे. शिवाय वीज निर्माण झाली तरी ती वाहून नेणारी तार हवी. राजस्थानात २०२५ साली सौर वीज वहनवाहिन्यांच्या क्षमतेहून अधिक झाली, आणि ऊन असताना प्रकल्पांस उत्पादन कमी करावयास सांगण्याची पाळी आली. धान्य पिकले, पण बाजाराचा रस्ता अरुंद, त्यातला हा प्रकार. सौर कृषी वाहिनी योजनेत प्रकल्प गावाजवळच्या उपकेंद्रापासून पाच ते दहा किलोमीटरांच्या आत उभारावयाचे ठरले, त्यातील शहाणपण हेच. वीज जेथे वापरावयाची तेथेच ती निर्माण केली म्हणजे लांबच्या तारांवरचा भार वाचतो.

मात्र उपकेंद्राची क्षमताही मोजकीच असते. तेथे जागा पाच मेगावॅटची असेल आणि इच्छुक पंधराचे असतील, तर कोणाला द्यावयाची? वाटणीच्या चार ठळक रीती आहेत. पहिली रांगेची : जो आधी आला त्याला. दुसरी समान वाट्याची. तिसरी बोलीची. आणि चौथी पाळीची. एखादी वस्तू फुकट केली म्हणजे वाटणीचा प्रश्न मिटतो, हा आपला एक मोठा भ्रम आहे. वाटणी मिटत नाही. ती केवळ एका रीतीतून दुसऱ्या रीतीत जाते.

शेतीपंपांच्या विजेचा इतिहास याची साक्ष देतो. पुष्कळ पंपांना मीटर नव्हते व आजही नाही. बिल अश्वशक्तीवर येई. म्हणजे किंमत क्षमतेची होती, वापराची नव्हती. परिणामी पाच अश्वशक्तीचा कास्तकार दोन तास ओलित करो वा आठ तास, बिल सारखेच. विहिरीला पाणी कमी असलेला कोरडवाहू माणूस पाणीवाल्याचा भार उचलू लागला. पुढे ‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना’ आली. एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळासाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख शेतीपंपांचे बिल राज्य शासन भरते. गरीब कास्तकारास हा मोठा दिलासा आहे, यात शंका नाही. परंतु किंमत शून्य झाली तरी वाटणी घड्याळाकडेच राहिली. आठ तास वीज. जेथे सौर वाहिनी पोचलेली नाही तेथे आठवड्यातील काही दिवस ती दिवसा आणि काही दिवस रात्री.

रात्रीच्या विजेची किंमत बिलावर छापलेली नसते म्हणून ती नाही असे नव्हे. पौषाच्या थंडीत हरभऱ्याला पाणी देण्यासाठी रात्री दोन वाजता कंदील-बॅटरी घेऊन धुऱ्याने चालणाऱ्या माणसास ती ठाऊक आहे. साप, विंचू, रानडुक्कर, ओल्या हाताने धरलेला स्टार्टर, ही सारी त्या युनिटाची किंमतच होय. घरातील बाई पहाटेपर्यंत जागी राहते, तीही. दिवसाच्या विजेचे खरे मोल तीन रुपयांत मोजता येत नाही ते यासाठी. सौर कृषी वाहिनीचे सर्वांत मोठे पुण्य मी तिच्या स्वस्ताईत मानीत नाही; कास्तकाराची रात्र ती त्याला परत देते, यात मानतो.

आता हिशेब आणखी जवळ, म्हणजे आपल्या डीपीवर आणू. ढोबळ मानाने एक अश्वशक्तीस एक केव्हीए धरा. १०० केव्हीएच्या डीपीवर पाच अश्वशक्तीच्या वीस मोटरी सुखाने चालतील. पण जोडण्या आहेत तीस. त्यांत प्रत्येकाने ऑटोस्विच बसविलेला. लाइन आली की तीसही मोटरी एकाच क्षणी उठतात, १०० च्या डीपीवर १५० चा भार येतो, आणि डीपी जळते. मग ऐन रब्बीत आठ-दहा दिवस कोणालाच पाणी नाही. आता त्याच तीस जणांनी पंधरा-पंधराचे दोन गट केले आणि चार-चार तासांची पाळी लावली, तर भार ७५ वर राहतो. प्रत्येकास चार तासच मिळतात, पण पूर्ण दाबाची वीज मिळते. यास सरकारी ठराव लागत नाही, पैसा लागत नाही. लागतो तो एकमेकांवरचा विश्वास, आणि तोच आपल्याकडे महाग झाला आहे.

अशी पाळी आपल्या मुलखास नवीन नाही. खानदेशात पांझरा नदीवर फड पद्धत कित्येक शतके चालत आली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली, आणि कास्तकाराची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणा एका माणसाचे पाणी तोडावयाचे नाही, तर सर्वसंमतीने एखादा फड कोरडा ठेवावयाचा. म्हणजे तूट सर्वांच्या वाट्यास येते. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे. शेतमालकाने आपल्या हाताने पाट फोडावयाचा नाही. क्षमतेच्या वाटणीचे याहून चांगले शास्त्र मला कोठे आढळले नाही. तूट वाटून घ्यावी, आणि वाटप करणारा हात निःपक्ष असावा, ही त्याची दोन सूत्रे. सौर वाहिनीस आज हीच दोन सूत्रे हवी आहेत.

वैयक्तिक सौर पंपाबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. २०२४ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरावयाची. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५, आणि त्याहून अधिक जमिनीस साडेसात अश्वशक्तीचा पंप. येथे वाटणी जमिनीच्या मापाने केली आहे. जेथे तार पोचत नाही तेथे हा पंप वरदानच. परंतु एक लक्षात ठेवा : ही आपली एकट्याची क्षमता आहे. ओलिताचे चार महिने ती राबते आणि उरलेले महिने तावदाने उन्हात नुसतीच तापतात. ती वीज कोणाच्या कामी येत नाही. वाहिनीवरच्या सामाईक प्रकल्पाची वीज मात्र पंप बंद असले तरी गिरणीस, दवाखान्यास, शहरास जाते. एक मेगावॅटवर ऐन दुपारी पाच अश्वशक्तीचे दोनशेच्या आसपास पंप चालतील, आणि एकही चालला नाही तरी वीज वाया जाणार नाही. स्वतंत्र विहीर आणि सामाईक पाट यांत जो फरक, तोच येथे आहे.

आता जमिनीच्या भाडेपट्ट्याकडे वळतो, कारण मोहाची जागा हीच. २०२३ च्या योजनेत हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये, किंवा शासकीय मूल्यदराच्या ६ टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक होईल ती, असा दर ठरला. आणि त्यावर दरसाल ३ टक्के वाढ सरळ पद्धतीने. कोरडवाहू सोयाबीनवाल्यास एकरी ५० हजार घरबसल्या ही रक्कम लहान नाही. परंतु शिक्षकाच्या सवयीने मी ती फळ्यावर मांडतो. सरळ तीन टक्के म्हणजे दरसाल ३,७५० रुपयांची वाढ. पंचविसाव्या वर्षी भाडे होईल २ लाख १५ हजार. दरम्यान महागाई दरसाल पाच टक्क्यांनी वाढली असे धरले, तर आज सव्वा लाखात येणाऱ्या वस्तूंना तेव्हा चार लाखांहून अधिक पडतील. म्हणजे आकडा वाढला, तरी त्याची खरेदीची ताकद जवळजवळ निम्म्यावर आली.

कंपनीची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. एका मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते. १६ लाख युनिटे तीन रुपयांनी विकली, तर वर्षाचे ४८ लाख येतात. त्यांत दोन हेक्टरांचे भाडे अडीच लाख, म्हणजे शेकडा पाचाच्या आसपास. हे ऐकून कोणी म्हणेल, आपल्याला अगदीच थोडे मिळते. पण प्रकल्पाचा भांडवली खर्च काही कोटींचा, त्याचे व्याज व हप्ते आहेत. आणि विजेचा दर पंचवीस वर्षे वाढत नाही, भाडे मात्र वाढते. तात्पर्य, कंपनी लुटारू आहे असे मानून चालू नये, आणि ती दानशूर आहे असेही मानू नये. खासगी कंपनीशी परस्पर करार होतो तेथे दर आपसांत ठरतो. तेथे वाढीचे कलम सरळ व्याजाचे की चक्रवाढीचे, हा एकच शब्द पुढच्या पिढीचे लाखो रुपये इकडचे तिकडे करील.

आणखी एक गोष्ट दरात दिसत नाही. जमीन मालकाची, पण कसणारा दुसरा, अशी स्थिती आपल्या गावांत सर्रास आहे. मक्त्याने वा बटईने करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. भाडेपट्टा झाला की मालकास भाडे मिळते आणि कसणाऱ्याच्या हातची शेती जाते. त्या रानात निंदणास जाणाऱ्या बायांची मजुरी जाते. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित जमिनीत मुलींचा हक्क मुलांइतकाच झाला आहे. तेव्हा भाडेपट्ट्यावर बहिणींच्या सह्या हव्यात आणि भाड्यात त्यांचा वाटाही हवा. सही मागावयाची आणि वाटा विसरावयाचा, हे आपल्या ज्ञातीच्या लौकिकास शोभणारे नाही.

शहरातील बंधूंसाठीही थोडे सांगतो. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घराच्या छतावर तीन किलोवॅटचा संच बसविल्यास ७८ हजार रुपये अनुदान मिळते. त्याच वर्षी केंद्राच्या नियमांत दुरुस्ती होऊन दहा किलोवॅटपर्यंतच्या संचास तांत्रिक तपासणीची अट राहिली नाही. म्हणजे येथे वाटणी रांगेची झाली. ज्याला पक्के छत आहे आणि उरलेली रक्कम हाताशी आहे, तो पुढे. टिनाच्या घरातला मागे राहिला. आणि तारा-रोहित्रे मोठी करण्याचा खर्च मात्र शेवटी सर्वांच्या दरात मिसळतो. म्हणून ज्यांना छत आहे त्यांनी ते अवश्य वापरावे, पण आपण कोणाच्या खांद्यावर उभे आहोत ते विसरू नये. आणखी एक : देशात २०२३ च्या नियमांनी उन्हाच्या तासांतील वीज किमान २० टक्के स्वस्त आणि मागणीच्या शिखराची वीज महाग करण्याचे तत्त्व स्वीकारले, शेतीस त्यातून वगळले. सूर्य मावळल्यानंतरचा भार अजूनही पारससारख्या कोळशाच्या केंद्रांवर आणि कोयनेवरच आहे. तेव्हा धुणे, इस्त्री, पाणी चढविणे ही कामे दुपारी करणे, ही यापुढे काटकसरीची साधी रीत होईल.

बंधुभगिनींनो, एवढ्या विवेचनानंतर माझी सभेस तीन विनंत्या आहेत. पहिली : प्रत्येक तालुक्यातून एक सुशिक्षित तरुण आणि एक वकील अशी जोडी सभेने नेमावी, कोणत्याही ज्ञातिबंधूने भाडेपट्ट्यावर सही करण्यापूर्वी तो कागद त्यांना दाखवावा. दुसरी : ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत सौर वाहिनीचा प्रकल्प होतो तिला तीन वर्षे दरसाल पाच लाखांचे अनुदान ठरलेले आहे, ते कशावर खर्च होते हे ग्रामसभेत उभे राहून विचारावे, आणि ज्यांची मजुरी गेली त्यांचा विचार त्यात आधी व्हावा. तिसरी : येत्या रब्बीच्या आत आपापल्या डीपीवरील सर्व कास्तकारांनी, ते कोणत्याही जातीचे असोत, एकत्र बसून पाळी ठरवावी. विजेच्या तारेस जात ठाऊक नाही. डीपी जळते तेव्हा सर्वांचीच जळते.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला, आणि २०१८ साली देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याची गणना झाली. म्हणजे मागे राहिलेला, पण पुढे येऊ इच्छिणारा. आपल्याकडे कारखाने थोडे, पाणी मोजके; ऊन मात्र अमाप. या उन्हाला प्रथमच भाव आला आहे. तो भाव कोणाच्या पदरात किती पडावा हे लिलावाने अर्धेच ठरते. उरलेले अर्धे आपल्या ग्रामसभेत, आपल्या वाटणीपत्रात आणि आपल्या धुऱ्यावर ठरणार आहे. ते न्यायाने ठरावे, एवढी प्रार्थना.